पुण्यातली युद्धस्मारकं: मुलांना आधी विमान दाखवायचं की आधी नावं?

मुळाकाठ (धागाकर्ता)

पुण्यात शाळेची "युद्धस्मारक सहल" निघाली की बस ठरलेल्या ठिकाणीच थांबते: कॅम्पातलं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्धस्मारक. मुलं विमानापुढे रांगेत उभी राहतात, गुरुजी फोटो काढतात, डबे उघडतात, सहल संपली. तिथून काही किलोमीटरवर, होळकर पुलाजवळ मुळा रोडला खडकीची युद्ध दफनभूमी आहे. तिकडे फारशी कुणाची पावलं वळत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. सहल खडकीपासून सुरू करा. युद्धाची किंमत विमान बघून कळत नाही, एका रांगेतली वयं वाचून कळते. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, त्या इथे आणल्या. आवारातच १९१४-१८ चं वेगळं स्मारक आहे. त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे हलवले. आणखी एका स्मारकावर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले १९३ सैनिक आहेत. खडकीत आफ्रिकेची नावं का, या एका प्रश्नावर अख्खा तास घेता येतो.

दगड वाचायची रीत सोपी आहे. वर रेजिमेंटचं चिन्ह, मग सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, धर्मचिन्ह. अगदी खाली असलीच तर घरच्यांनी सांगितलेली एक ओळ. ती बहुतेकदा फार छोटी असते, कारण अक्षरांवर मर्यादा होती: पहिल्या महायुद्धात मोकळ्या जागा धरून ६६. मुलांना आधी ही तळची ओळच शोधायला सांगा. अधिकारी असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. हे वेगळं शिकवावं लागत नाही, मुलं आपणहून विचारतात.

रणगाडाप्रेमी

असहमत. सातवी-आठवीच्या पोरांना इंग्रजी नावांच्या रांगांत सोडलंत तर दहाव्या मिनिटाला पकडापकडी सुरू होते. विमानाला नावं ठेवण्याआधी ते नीट कसं दाखवायचं ते बघा की.

कॅम्पातलं स्मारक १९९८ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं, ही पहिली सांगायची गोष्ट. तिथलं मिग-२३ बीएन घ्या. त्याचे पंख उडताना मागे वळतात: १६, ४५ आणि ७२ अंश अशा तीन जागा. पंख जिथे धडाला मिळतो तो सांधा मुलांना बोटानं दाखवा. उतरता-चढताना पंख पसरलेले, वेगात मागे दुमडलेले. मग नाक बघायला सांगा. ते खाली उतरतं आहे, कारण हे जमिनीवर मारा करणारं विमान. पुढे मोठं रडार नाही, वैमानिकाला खालचं दिसलं पाहिजे. कारगिलच्या वेळी हवाई दलानं हा प्रकार वापरला. पंधरा हजार फुटांच्या डोंगरकड्यावरचा बंकर वरून शोधायचा म्हणजे काय, हे त्या नाकाच्या उतारावरून समजावता येतं.

तिथेच आयएनएस त्रिशूलची प्रतिकृती आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या मोहिमेत या जहाजाचे नौसैनिक अंजदीव बेटावर उतरले आणि त्यातले सात कामी आले. गोव्याला सुट्टीला जाऊन आलेल्या निम्म्या वर्गाला हे माहीत नसतं. वस्तू मुकी नसते, दाखवणारा मुका असतो.

अपरांत

दोघेही मूळ मुद्दा टाळताय. खडकीत कोण आहेत? साम्राज्याचं सैन्य. मराठी मुलांनी तिथे जाऊन हळहळायचं कशासाठी? आणि "सगळ्यांना सारखा दगड" हे तर अर्धसत्य आहे. या दफनभूमी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानेच २०२१ च्या अहवालात मान्य केलंय की पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. त्यात बहुतेक आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतले. आणखी ४५ ते ५४ हजारांचं स्मरण बाकीच्यांच्या बरोबरीनं झालं नाही.

पुण्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण द्यायचं तर सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुतला ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. या आघाडीवर पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी (भारतीय) अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. हा आकडा मुलांना दाखवा आणि मग समानतेचं बोला.

मुळाकाठ

@अपरांत, बसऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि तो खडकीतच उभं राहून सांगायला हवा. नाव कोरलेला दगड समोर असल्याशिवाय न कोरलेल्या नावाची बोच मुलांना लागणार कशी? वर्गात सांगून बघा, आकडा वहीत जातो आणि तिथेच राहतो.

@रणगाडाप्रेमी, पंखांचं पटलं. पण दाखवणारा मुका असतो हे खडकीलाही तेवढंच लागू आहे.

सांगाती

शिपायांची नावं कुठेच नाहीत असा समज नको. हिंदू-शीख सैनिकांचं दहन होई, त्यामुळे थडगं नसतं, नाव भिंतीवर किंवा नोंदवहीत येतं. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं दगडावर आहेत. दिल्ली छावणीतल्या युद्ध दफनभूमीतलं स्मारक दुसऱ्या महायुद्धातल्या अखंड हिंदुस्थानच्या २५ हजारांहून जास्त जणांचं आहे, तिथे नावं नोंदवहीत आहेत. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांचंही थडगं नाही, नाव इटलीतल्याच कसिनोच्या स्मारकावर आहे. पुतळा माणगावात आहे. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं.

सहलीआधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, तो फुकट आहे. पण आडनाव टाकून "सापडलं नाही" म्हणून सोडून देणारेच जास्त. कारणं अशी:

रेजिमेंटच्या नावात "मराठा" आजच्या स्पेलिंगनं लिहिलेलं नसतं. त्या काळी सुरुवात एम-ए-एच-आर अशी करत आणि टी दोनदा लिहीत. त्याच स्पेलिंगनं शोधा.

आडनावं गोऱ्या कारकुनानं कानावर पडली तशी उतरवलेली. जाधव, मोरे, शिंदे यांची चार-पाच रोमन रूपं करून बघा. पुष्कळदा आडनाव नसतंच, नुसतं नाव आणि खाली बापाचं नाव.

जिल्हे जुने आहेत. रायगड टाकून काही हाती लागणार नाही, कुलाबा टाका. सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरीत, सांगलीतली बरीचशी साताऱ्यात. "अधिक माहिती" या रकान्यात गाव-तालुका असतो. त्यात तालुक्याचं नाव टाकून, रेजिमेंटची चाळणी लावली तर यादी आवाक्यात येते.

तारखांची चौकटही लक्षात ठेवा. पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरले जातात. १९४८ चं काश्मीर इथे मिळणार नाही, ते दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर. फेब्रुवारी २०१९ मध्ये खुलं झालं तेव्हा तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर २५,९४२ नावं होती.

पेरणेफाटा

साध्या शिपायाचं नाव दगडावर यायला महायुद्धापर्यंत थांबावं लागलं असं इथे कुणाला वाटत असेल तर नगर रस्त्याला या. कोरेगाव भीमाची लढाई १ जानेवारी १८१८ ची, जयस्तंभाची पायाभरणी १८२१ ची. त्यावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यात "नाक" शेवट असलेली महार शिपायांची नावं ठळक दिसतात. शंभर वर्षांनी बसऱ्यात जे जमलं नाही ते इथे आधी झालेलं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर इथे आले, तेव्हापासून या जागेचा अर्थच बदलला. पुण्याच्या युद्धस्मारकांची यादी करताना हे नाव गाळायची सवय आहे, धाग्यावरही तेच झालं.

नावं वाचायला यायचं असेल तर १ जानेवारी सोडून या. त्या दिवशी वाहतूक वळवलेली असते आणि गर्दी अभिवादनाला आलेली असते, तिच्यात वही-पेन घेऊन उभं राहता येत नाही.

अपरांत

हा मुद्दा जोरदार. पण तीही कंपनीचीच फौज, हे विसरू नका.

पेरणेफाटा

विसरलेलो नाही. पेशवाईत त्या शिपायांना काय मान होता तेही विसरलेलो नाही. त्यावर वेगळा धागा काढा, येतो.

दगडमाती

वाद चालू द्या, पण जाणार असाल तर दगडाचा जीव वाचवा. शाळेचे गट गेले की हमखास होणाऱ्या गोष्टी सांगतो.

पुसट अक्षरं वाचायला खडू घासतात. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते, पावसाचं पाणी धरून ठेवते आणि तिथेच शेवाळ धरतं. त्याऐवजी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या कडा आपोआप उठून दिसतात. दुपारी गेलातच तर साधा आरसा घ्या आणि ऊन बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून जाईल असं पाडा.

पुष्पचक्राला लोखंडी तार असते. ते दगडाला टेकवून दोन दिवस राहिलं की गंजाचा तांबडा डाग पडतो, तो घासून जात नाही. चक्र पायथ्याशी जमिनीवर ठेवा किंवा सुटी फुलं वाहा. प्लॅस्टिकचा कागद आपल्याबरोबर परत न्या.

हळदकुंकू, तेलाचा दिवा, नारळ हे दगडावर नको. तेल आत मुरतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा होतो. नारळाच्या पाण्यातल्या साखरेवर मुंग्या आणि बुरशी.

सांगाती

बाकी सगळं मान्य, हळदकुंकवाला हरकत आहे. वीरपत्नी किंवा आई नावावर बोट ठेवून कुंकू लावते तेव्हा तिला दगडाचं रसायनशास्त्र कोण सांगणार? स्मारक तिच्यासाठी आहे, तिनं दगडासाठी जपून वागायचं हे उलटं झालं.

दगडमाती

आईला कुणीच अडवत नाही. माझा आक्षेप वर्गातल्या पन्नास मुलांनी एकाच दगडावर पन्नास बोटं टेकवण्याला आहे. नातेवाइकांसाठी नावाखाली पितळी ताट ठेवावं, दिवा-कुंकू त्यात. विधीही होतो, दगडही राहतो.

रणगाडाप्रेमी

ताटाची कल्पना चांगली. आता खडकीला पन्नास मुलं न्यायचीच असतील तर नियोजन सांगा. मोघम "वयं वाचा" नको.

मुळाकाठ

दहा-दहाचे पाच गट, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. प्रत्येक गटाला आदल्या दिवशी संकेतस्थळावरून काढलेली तीन नावं द्या, कबरीच्या क्रमांकासह. क्रमांकात आधी विभाग, मग रांगेचं इंग्रजी अक्षर, मग कबर. ते कळलं की मुलं स्वतः शोधतात, आणि शोधायला काम असलं की पकडापकडी होत नाही. जागेवर पोचल्यावर चार गोष्टी टिपायच्या: वय, दल, धर्मचिन्ह, तळची ओळ असल्यास. पाऊण तास पुरतो. शेवटी सगळे दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसापाशी, पण त्याच्या पायऱ्यांवर बसू द्यायचं नाही. डबे खायला जागा म्हणून त्या सोयीच्या दिसतात, चूक तिथेच होते. क्रूसावरची कांस्याची तलवार टोक खाली करून का लावली असेल, एवढं विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका.

रांगांमधल्या फुलझाडांच्या पट्ट्यावर पाय पडतात, म्हणून चालायचं ते हिरवळीवरूनच. पावसाळ्यात ती भुसभुशीत होते, तेव्हा मोठा गट नेऊच नका. एप्रिल-मे मध्ये नऊच्या आत आटपा.

मग बस कॅम्पात. विमान तेव्हा.

रणगाडाप्रेमी

उलट क्रमानं एक वर्ग नेऊन बघा. आधी त्रिशूल आणि मिग, मग खडकी. थकलेली मुलं शांत असतात, वाचतातही जास्त. तुमच्या क्रमात विमान बक्षीस होतं आणि कबरी गृहपाठ.

मुळाकाठ

आणि तुमच्या क्रमात दुपारचे बारा वाजतात. त्या उन्हात पांढऱ्या दगडावरचं अक्षर दिसत नाही, वर दगडमातींनी सांगितलंच आहे.

अपरांत

दोन शनिवार घ्या. आणि दोन्ही वेळा पूना डिव्हिजनच्या तीन मराठा पलटणींचे आकडे फळ्यावर लिहून मगच बस सोडा.