पाटी उचलण्याआधी कोणी मोजते का? कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या भवितव्याविषयी

बंदरवासी (धागाकर्ता)

आमच्या भागातील एका बंदरावर जेटी नाही. होड्या पाण्यात नांगरून राहतात, बैलगाड्या चाकाच्या तुंब्यापर्यंत पाण्यात जातात, मासळीच्या पाट्या (टोपल्या) उतरतात आणि ओल्या वाळूवरच दुपारचा लिलाव सुरू होतो. गेल्या हंगामाच्या अखेरीस मी तेथे उभा होतो. एका पाटीत तळहाताहूनही लहान पापलेटे होती. ती पाटी लपवलेली नव्हती. तिचा भाव पुकारताना दलालाने आवाज जरा खाली घेतला, एवढेच. पापलेट 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झाला आणि त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमानही ठरवले. त्या वाळूवर मात्र फूटपट्टी घेतलेला एकही माणूस मला दिसला नाही.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा या बाबतींत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती त्यामुळे मच्छीमारालाही मिळतील, आणि ही मागणी जुनी असल्याने तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि शेतकरी स्वतःच्या शेतात पेरतो आणि कापतो, तर आपण कोणीही न पेरलेले, सर्वांच्या मालकीचे पीक कापतो. त्यामुळे शेतीला लागू पडणारे ‘उत्पादन वाढवा’ हे धोरण जसेच्या तसे समुद्राला लावले तर नव्या नौका, मोठी इंजिने आणि लहान आसाची (छिद्रांची) जाळी यांनाच अनुदान दिल्यासारखे होईल. माझे मत असे आहे की पुढील दहा वर्षे यांत्रिक नौकांची संख्या एकानेही वाढू देऊ नये, प्रत्येक उतरण केंद्रावर नौकानिहाय मासळीची नोंद व्हावी, आणि नौकांना मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा त्या नोंदीशी जोडावा. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (थव्याभोवती मोठे जाळे फिरवून ते खालून आवळणारे) यांच्या वादात आपण इतकी वर्षे घालवली, पण कोण किती आणि केवढा मासा आणतो याची वही दोघांकडेही नाही.

यावर आपणा सर्वांची मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

रापणकर_मालवण

वही नसल्याचा दोष दोघांवर सारखा टाकला, हे मला मान्य नाही. रापण किनाऱ्यावरून ओढली जाते. दोर ओढणारे, होडीवरचे आणि जाळ्याचे भागीदार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मासळी वाळूवर पडते आणि तेथेच तिचे भाग होतात. आमची मोजणी रोज गावासमोर होते. मोजणी होत नाही ती बारा वाव खोलीच्या पलीकडे, रात्री.

केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 रोजी प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. त्यानंतरही थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला पाहिले की क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. एका नौकेवर जनित्र आणि दिवे, दुसरीवर जाळे. मासळी उजेडाखाली गोळा होते आणि एका फेऱ्यात सगळा थवा आत. त्यानंतर सकाळी आमच्या रापणीत काय येते, तर केंड. हा मासा बाजारात विकला जात नाही आणि जाळी मात्र कुरतडून ठेवतो. नवीन जाळ्याचे पैसे फिटण्याआधी ते फाटलेले असते.

2016 च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीन मासेमारीवर सप्टेंबर ते डिसेंबर अशी चार महिन्यांची मर्यादा घातली आणि या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीने परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत आणण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात जानेवारीनंतरही ही जाळी पाण्यात असतात, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून मोजणी नंतर, आधी कारवाई, असा माझा क्रम आहे.

मिरकरवाडा_नाखवा

माझ्या वडिलांची नौका पर्ससीनची आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला शोध लावल्याचा आनंद घेण्याचे कारण उरणार नाही.

दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांचे समर्थन मी करत नाही. त्यांची नौका जप्त झाली तर मला दुःख होणार नाही, उलट आमच्यावरचा डाग पुसला जाईल. परंतु पर्ससीन म्हणजे दिवे आणि पर्ससीन म्हणजे समुद्राचा नाश, हे समीकरण चुकीचे आहे. आमचे जाळे तारली आणि बांगडा यांच्या थव्याभोवती फिरते. हे मासे थोड्या वर्षांत वाढतात आणि भरपूर अंडी देतात. आम्ही ते पकडले नाहीत तर ते आमच्यासाठी थांबत नाहीत. पुढच्या आठवड्यात गोव्याच्या किंवा कर्नाटकाच्या हद्दीत जातात आणि तेथील वेगवान नौका त्यांना घेऊन जातात, पुष्कळदा आमच्याच हद्दीत येऊन. तळ खरवडतो तो ट्रॉलर. समुद्राच्या तळावरून जाळे ओढताना त्याच्या खोल्यात (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत) कोळंबीबरोबर दहा जातींची पिल्ले येतात आणि ती फिशमिलच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या, ट्रकमध्ये जातात. ट्रॉलरवर या धाग्यात अद्याप एकही वाक्य नाही. राजकारणात पर्ससीनवाले संख्येने कमी आहेत, म्हणून ते सोपे लक्ष्य आहेत.

दुसरा मुद्दा हद्दीचा. राज्याचा अंमल 12 सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे केंद्राचा. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये 12 मैलांच्या बाहेर आठवड्यातून दोन दिवस पर्ससीनला अंतरिम परवानगी दिली. तेथे जे अटींसह चालते ते येथे पूर्णतः पाप कसे ठरते, याचे उत्तर कोणी द्यावे.

आणि नौका वाढवू नयेत हे म्हणणे सोपे आहे. आमच्या नौकेवर पंचवीस खलाशी आहेत, त्यांतले बहुतेक नेपाळहून येतात. त्यांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते. बर्फ, डिझेल, जाळे यांचा खर्च डोक्यावर असतो. चार महिन्यांत हे सगळे निघाले नाही तर पुढचे आठ महिने बँकेचा हप्ता कोण भरणार? मला वाटते की भविष्य किनाऱ्याजवळ भांडण्यात नसून खोल समुद्रातील कुपा (ट्यूना) पकडण्यात आहे, आणि त्यासाठी मोठी नौका आणि तिच्यावर शीतगृह लागणारच.

शिरगावचा_पदवीधर

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आहे. दोन्ही बाजूंच्या मांडणीत काही दुरुस्त्या सुचवतो.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 2018 मध्ये 2.95 लाख टन मासळी उतरली आणि 2019 मध्ये 2.01 लाख टन, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतील नीचांक. हा आकडा ‘समुद्र संपला’ या शीर्षकाखाली वारंवार वापरला जातो. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात आली. ऐन हंगामात नौका बंदरात अडकल्या. मासेमारीचे दिवसच घटले तर उतरलेली मासळी घटणारच. समुद्रातील साठा किती उरला हे एका वर्षाच्या टनांवरून कळत नाही. त्यासाठी एका नौकेने एका तासात किती मासळी आणली आणि ती केवढी होती, हे पाहावे लागते. संस्था नमुना पद्धतीने अंदाज काढते, ती पद्धत शास्त्रीय आहे, पण तिच्यातून प्रत्येक नौकेचा हिशेब मिळत नाही. या अर्थाने धागाकर्त्यांचा मुद्दा योग्य आहे.

मात्र नाखवा यांनी तारलीविषयी जे लिहिले ते अर्धेच खरे आहे. तारली लवकर वाढते हे बरोबर, परंतु तिची संख्या समुद्राच्या तापमानावर आणि पावसावर मोठ्या प्रमाणात हेलकावे खाते. वाईट वर्षी तेवढ्याच नौका तिच्यामागे लागल्या तर पुढची पिढी उभी राहायला वेळ लागतो. केरळने हे भोगले आहे. जून-जुलैमधील 61 दिवसांची बंदीही सर्व जातींना सारखी उपयोगी नाही, कारण प्रत्येक जातीचा अंडी घालण्याचा काळ वेगळा असतो. तरीही पावसाळ्यात नौकांना विश्रांती आणि पिल्लांना दोन महिने मिळतात, म्हणून ती हवी.

कुप्याविषयी एवढेच सांगतो की तो पकडण्यासाठी नुसती मोठी नौका पुरत नाही. समुद्रात कित्येक दिवस राहणारा तांडेल (नौका चालवणारा प्रमुख), त्या प्रकारची दोरी आणि गळ, आणि मासा उतरताच घेणारा खरेदीदार, हे तिन्ही लागते. अनुदानात नौका मिळते, तांडेल मिळत नाही.

सातपाटीची_लेक

येथे फक्त रत्नागिरी आणि मालवणचीच चर्चा चालली आहे, म्हणून पालघरची बाजू मांडते.

बंदरवासी यांची तळहाताएवढ्या पापलेटांची पाटी वाचून मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे डोलीच्या, म्हणजे प्रवाहात एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या, जाळ्यात भरतीच्या ओघाबरोबर जे येते ते येते. बोंबील हवा असतो, त्याच्याबरोबर पापलेटची पिल्लेही खोल्यात जातात. जाळे वर येईपर्यंत ती मेलेली असतात. ती परत समुद्रात टाकून कोणाचे भले होणार? दंड लावाल तर तो कोणाला लागणार, तर ज्याची होडी लहान आहे आणि जो रोज त्याच धक्क्यावर उतरतो त्याला. मोठी नौका दुसऱ्या बंदरात उतरेल. फूटपट्टी गरिबाच्या पाटीवर आधी पडते, हा आमचा अनुभव आहे.

किमान आकाराचा नियम मला तत्त्वतः मान्य आहे. पण तो जाळ्याच्या आसावर लावा, पाटीवर नको, आणि मोठ्या आसाचे जाळे घेण्यासाठी पैसे आधी द्या.

शिवाय आमच्यापुढे यापेक्षा मोठा प्रश्न आहे. डहाणू तालुक्यात वाढवण येथे सुमारे 76 हजार कोटी रुपयांच्या बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाले. तेथे समुद्रात भराव होणार आहे. जहाजांच्या मार्गात आमची जाळी कोठे मारायची? पुरुषांच्या नुकसानभरपाईची चर्चा होते. बोंबील वाळवून बाजारात नेणाऱ्या बाईच्या नावावर नौका नसते, परवाना नसतो, म्हणून ती कोणत्याच यादीत बसत नाही. तुमच्या नौकानिहाय वहीतही ती बसणार नाही, हे लक्षात ठेवा.

बंदरवासी

ताईंचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी माझी मागणी बदलतो. पहिल्या हंगामात दंड नको, फक्त नोंद व्हावी. आणि तपासणी जाळे विकणाऱ्या दुकानापासून सुरू व्हावी, कारण बेकायदा आस किनाऱ्यावर येण्याआधी तो कोणीतरी विणलेला आणि विकलेला असतो. मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्रियांचीही स्वतंत्र नोंद हवी, हे मला सुचायला हवे होते.

रापणकर यांना उत्तर देतो. ‘आधी कारवाई’ हा क्रम आपण पुष्कळ वर्षे पाहिला. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली, दंडाची रक्कम वाढली. तरी रात्रीचा उजेड दिसतोच, हे आपणच लिहिले आहे. नौका समुद्रात पकडायची तर गस्तीची नौका, इंधन आणि हवामान हे सगळे जुळावे लागते, आणि ड्रोन आला तरी तो उजेड दाखवेल, मासळी तोलणार नाही. मासळी मात्र शेवटी कोठेतरी उतरतेच. चोरी समुद्रात होते, पण पैसे धक्क्यावरच होतात.

आणि नाखवा, आपला ट्रॉलरविषयीचा आक्षेप रास्त आहे. तो मी टाळला, कारण माझ्याच नात्यातील दोघांचे ट्रॉलर आहेत.

रापणकर_मालवण

हे प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. तरी एक गोष्ट विसरू नये. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्रावर जाहीर झाले, आणि तेव्हापासून गावाचा त्याला विरोध आहे. आमच्या लोकांना प्रवाळ नको आहेत असे नाही. पर्यटकांना प्रवाळ दाखवून आमची मुले आज घर चालवतात. पण आम्हाला न विचारता नकाशावर रेघ मारली गेली. आपली नोंदवही जर कार्यालयातून आली तर तिचे तेच होईल. ती गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने ठेवावी, संस्थेनेच दाखवावी.

मिरकरवाडा_नाखवा

संस्थेनेच ठेवायची असेल तर मला हरकत नाही. डिझेलच्या परताव्यासाठी आम्ही संस्थेकडे फेऱ्यांची माहिती तशीही देतो, आणि परतावा महिनोन्‌महिने येत नाही ही वेगळी गोष्ट. त्या माहितीत मासळीचा एक रकाना वाढवला तर काम होईल. पण मग सर्वांनी दाखवावे. मी आमच्या नौकेची गेल्या हंगामाची वही घेऊन मालवणला यायला तयार आहे. त्यात तारली किती आणि फिशमिलला किती गेली, हे दोन्ही लिहिलेले आहे. मला रापणीच्या भागांचा हिशेब पाहायचा आहे, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला खरोखर काय येते ते कळेल.

रापणकर_मालवण

यावे. नारळी पौर्णिमेनंतर रापणी सुरू होतात, तेव्हा पहाटे पाचला किनाऱ्यावर असाल तर दोर ओढायलाही एक हात मिळेल. वहीत जानेवारीनंतरची पानेही असतील, अशी अपेक्षा ठेवतो.