पालकांना द्यायच्या सूचनापत्रकात नेमकं काय चुकतंय?

ओपीडी_टेबल
लहान मुलांच्या ओपीडीसाठी ताप-जुलाबाचं एकपानी पत्रक करतोय. सध्याचा मजकूर असा:

‘ताप आल्यास पॅरासिटामॉल १ चमचा टीडीएस / एसओएस. ओआरएस पाण्यात मिसळून वारंवार द्यावे. झिंक १४ दिवस. निर्जलीकरणाची लक्षणे आढळल्यास त्वरित संपर्क साधावा.’

डॉक्टरांनी तपासलेला आहे, तरी पालक मात्रा चुकवतातच. कुठे बदलू?

औषधाची_फळी
आधी ‘१ चमचा’ काढा. घरातले चमचे कधी एका मापाचे नसतात. त्यात सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅचंही मिळतं आणि २५० चंही; थेंब तर १ मिलीत १०० मिग्रॅ. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ धरले तर १५० मिग्रॅ लागतात. म्हणजे १२५ च्या सिरपचे ६ मिली, २५० च्याचे ३, थेंबांचे दीड. आईने ‘६ मिली’ पाठ केलं आणि पुढच्या तापात घरात थेंबांची बाटली आली, की बाळाच्या पोटात गेले ६०० मिग्रॅ, चौपट! म्हणून मात्रा छापूच नका. चौकट ठेवा: वजन ___ किलो, बाटलीवर लिहिलेली ताकद ___, एका वेळी ___ मिली. डॉक्टरांनी ती दर वेळी हाताने भरायची.

सोबत बिनसुईची सिरिंज द्या (६ मिलीला १० ची, दीडला २ ची) आणि मात्रेवर मार्करने रेघ मारा. वाचता न येणारी आजीही रेघेपर्यंत औषध बरोबर ओढते.

बालवॉर्ड
टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडली तर. दोन्ही शेजारी लिहिल्यावर पालकांनी करायचं काय? सरळ लिहा: ‘ताप असेल तरच द्या. दोन डोसांत किमान ४ तास जाऊ द्या. २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नकोत.’ सर्दीच्या अनेक सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा ‘दुसरं सिरप चालू असेल तर बाटली दाखवा’ हेही हवंच.

‘निर्जलीकरण’ हा परीक्षेतला शब्द. डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, ६ तासांत लघवी नाही, बाळ मलूल आहे, काही पीत नाही, शीतून रक्त जातंय, असं लिहा. ‘संपर्क साधावा’ पुढे फोन नंबर टाका आणि रात्रीसाठी १०८.

मीठ_साखर_पाणी
‘पाण्यात’ म्हणजे किती पाण्यात? मोठं पाकीट १ लिटरचं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं की क्षार पाचपट होतात. जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढून झटकेही येऊ शकतात. अर्धं आज, अर्धं उद्या हेही नको, कारण पुडीत मीठ आणि साखर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. ‘अख्खं मोठं पाकीट, लिटरची पूर्ण बाटली, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या’ एवढं पुरे. शेजारी बाटलीचं चित्र काढा.

झिंक तिसऱ्या दिवशी बंद पडतं, कारण तोवर जुलाब थांबलेले असतात. कारण लिहिलं तर चालू राहतं: ‘पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून १४ दिवस.’ २० मिग्रॅची गोळी असेल तर २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून.

ओपीडी_टेबल
चौकट, रेघ, बाटलीचं चित्र, सगळं घेतो. पण एवढं समजावायला टेबलावर वेळ कुठे असतो?

बालवॉर्ड
‘समजलं का?’ विचारलंत तर ‘हो’च येणार, त्यात वेळ घालवू नका. सिरिंज आणि वाटीभर पाणी पुढे करा: ‘माझं सांगणं नीट झालं का बघायचंय, घरी कसं द्याल ते करून दाखवा.’ अर्ध्या मिनिटाचं काम. चुकलं तर तेवढंच पुन्हा सांगा, पहिल्यापासून नको.

औषधाची_फळी
एक राहिलं. चौकटीत ‘१.५’ लिहू नका; टिंब पुसट उमटलं की १५ वाचलं जातं. अक्षरात ‘दीड’ लिहा.