मदत हवी आहे: गोल्फमध्ये घरच्या मॅटवर सगळे पट जातात, ग्रीनवर लांबच्या पटचा अंदाजच येत नाही

नमस्कार मंडळी,

मी अलिबागला राहतो. गोल्फ खेळायचं म्हणजे गाडी काढायची, वडखळ-पनवेल करत खारघरला सिडकोच्या कोर्सवर जायचं, त्यामुळे मनात आलं की गेलो असं होत नाही, आणि पावसाळ्यात तर आधी आभाळ बघावं लागतं. तरी खेळ मनापासून आवडतो आणि तो सुधारावा असं फार वाटतं म्हणून हा धागा.

अडचण अशी की ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत, मी बरा पोचतो, ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) सरळ असतो, आयर्न (मधल्या अंतराच्या काठ्या) ठीकठाक लागतात, पण ग्रीनवर पाय ठेवला की थ्री पट सुरू, म्हणजे बॉल घरंगळत होलमध्ये घालायला पटरचे (पट मारायच्या काठीचे) तीन फटके. पहिला पट समजा ३०-३५ फुटांवरून असेल तर दिशा साधारण बरोबर असते पण बॉल एक तर ७-८ फूट अलीकडे थांबतो नाहीतर तेवढाच पुढे जातो, आणि मग उरलेला पट काय मी घालणार, टूरवरचे प्रो म्हणजे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात! म्हणजे खरं दुखणं दुसऱ्या पटात नाही, पहिल्या पटच्या अंतरात आहे असं माझं मत झालंय.

घरी पडवीत १० फुटी मॅट टाकलीय, पावसात बाहेर काही करता येत नाही म्हणून संध्याकाळी तिच्यावरच सराव. तिथे बॉल मागून बॉल कपात जातात. पण तोच हात, तोच पटर घेऊन ओल्या ग्रीनवर गेलो की बॉल अर्ध्यातच बसतो, मग पुढच्या होलला जोर लावतो तर उताराचा पट निघतो आणि बॉल पार पलीकडे. पटर मॅलेट म्हणजे मोठ्या डोक्याचा आहे, ३४ इंची, ग्रिप साधी.

तर विचारायचं असं की मॅटवरच्या सरावाचा लांबच्या पटला काही उपयोग असतो का, की मी वेळ घालवतोय? आणि कोर्स इतका लांब असताना घरच्या घरी अंतराचा अंदाज तयार करायची काही रीत आहे का? पटर बदल असाही सल्ला मिळालाय पण खर्च करण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं.

---

खाडीकाठ:

दादा, पटर अजिबात बदलू नका, तुम्ही लिहिलंय त्यात पटरचा काही दोष दिसत नाही. तुमची मॅट फास्ट आहे आणि पावसातलं ग्रीन स्लो, आणि हात बिचारा मॅटचा स्पीड पाठ करून बसलाय. आधी हा फरक किती आहे ते मोजा.

ग्रीनचा स्पीड मोजायला स्टिम्पमीटर असतो, एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये काढलेली युक्ती. ३६ इंची खाचेची पट्टी, खालच्या टोकापासून ३० इंचावर बॉल अडकवायचा खळगा, पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० अंशाला बॉल आपोआप सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट घरंगळतो तो त्या ग्रीनचा आकडा. तुम्ही स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या एल अँगलचा हातभर तुकडा घ्या, कोपरा खाली ठेवला की आपोआप खाच तयार होते, एका टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि दर वेळी त्याच खुणेवरून बॉल सोडा, ढकलायचा नाही नुसता सोडायचा. मॅट लहान आहे, बॉल बाहेर जात असेल तर ठोकळा कमी उंचीचा घ्या, पण मॅटवर आणि ग्रीनवर तोच ठोकळा हवा. खऱ्या स्टिम्पमीटरशी आकडा जुळणार नाही, त्याची गरजही नाही, आपल्याला फक्त दोघांतला फरक कळायला हवा. प्रॅक्टिस ग्रीनवर करताना तिथल्या माणसाला आधी विचारा, सपाट जागा बघा आणि एकदा इकडून एकदा तिकडून सोडून सरासरी काढा, नाहीतर उतारच मोजला जाईल.

हा आकडा एकदा डोळ्यांनी बघितला ना की हाताला आपोआप समज येते, माझा तरी असा अनुभव आहे.

आणि मॅट फुकट नाही, पण ती फक्त दिशेसाठी वापरा. पटरचा फेस (बॉलला लागणारी बाजू) १ अंश वाकडा असला तर १० फुटांवर बॉल साधारण २ इंच बाजूला जातो, कपाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे कसाबसा कडेने आत पडेल, आणि १५ फुटांवर तोच १ अंश ३ इंचांच्या वर जातो म्हणजे चुकलाच. म्हणून मॅटवर पटरच्या दोन्ही बाजूंना दोन बॉल ठेवून गेट करा, पटर मधून जेमतेम जाईल एवढंच अंतर, आणि गेटला न लावता स्ट्रोक मारा.

---

पोफळीची बाग:

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त अंतर घरी होतच नाही असं नाही. मॅटच्या शेजारी जाजम अंथरा, लग्नकार्यात घालतात ते जाड. त्यावर बॉल जड चालतो. एक पट मॅटवर, एक जाजमावर, आलटून पालटून, आणि कप नकोच, एक चमचा आडवा ठेवा आणि बॉल त्याच्या जवळ थांबवायचा. हाताला बदलायची सवय लागते, एकच स्पीड पाठ होत नाही.

जोर वाढवायचा म्हणजे ठोसा मारायचा नाही, बॅकस्ट्रोक (पटर मागे नेणं) लांब करायचा आणि लय तीच ठेवायची. पटर मागे जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण निम्म्या वेळात तो बॉलपर्यंत यायला हवा, पट ५ फुटांचा असो की ४० फुटांचा. मनात "ए-क-दोन, तीन" म्हणत मारून बघा.

---

माळीबुवा:

मी कोर्सवर ग्रीन राखायचं काम केलंय, कुठे ते नको, पण गवताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

उष्ण हवेतल्या कोर्सवर बर्मुडा जातीचं गवत पुष्कळ असतं, म्हणजे आपली हरळीच, तिच्या बारीक पानांच्या निवडक आणि संकरित जाती. हे गवत आडवं पसरतं आणि त्याचा कल एका बाजूला असतो, त्यालाच ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने बॉल पळतो, विरुद्ध जड जातो, आणि आडवा असेल तर ब्रेक (बॉलचं बाजूला वळणं) कमी-जास्त होतो. ओळखायचं कसं तर बॉलच्या मागे उभं राहून बघा, गवत चमकतंय, फिकट दिसतंय तर ग्रेन तुमच्यापासून पलीकडे आहे, काळपट हिरवं दिसतंय तर तुमच्याकडे येतंय. कपाची कडही बघा, एका बाजूला कापल्यासारखी स्वच्छ असते आणि दुसऱ्या बाजूला विस्कटलेली, ग्रेन त्या विस्कटलेल्या बाजूकडे.

ग्रीन ३-४ मिलिमीटरवर कापतात, पण पावसात माती इतकी ओली असते की मशीन घातलं तर चाकाचे वण पडतात, म्हणून कटिंग एखाद दिवस राहतं किंवा ब्लेड वर घेतात. वर पावसात गवत झपाट्याने वाढतं. म्हणून सकाळचं ग्रीन आणि दुपारचं ग्रीनसुद्धा एक नसतं. तुमचा हात खराब नाहीये, तुम्ही ऑक्टोबरनंतर गेलात तर हेच पट कपापुढे जातील. आणि खारघरला मागे एवढे डोंगर आहेत, त्यांच्याकडे बघून ग्रीनचा उतार ठरवू नका, डोळा फसतो, सपाट वाटतं ते सपाट नसतं. बॉल आणि होलच्या मधे, लाइनच्या (बॉल ज्या वाटेने जाणार तिच्या) बाजूने चालत जा आणि तळपायाला काय लागतंय ते बघा. खालच्या बाजूने बघितलं तर उतार जास्त नीट कळतो.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. जाजम आहे घरात, माळ्यावरून काढतो. एल अँगलचंही उद्याच विचारतो.

माळीबुवा, ग्रेनचं मला काहीच माहीत नव्हतं, काळपट आणि चमकदार पट्टे दिसायचे पण ते मशीन फिरवल्याचे असतील एवढंच वाटायचं. दोन्ही असू शकतं का?

आणि खाडीकाठ दादा, ३० फुटांच्या पटला तुम्ही नजर कुठे ठेवता? मी सराव स्ट्रोक बॉलकडे बघत घेतो.

---

माळीबुवा:

हो, दोन्ही असतं. मशीनचे पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे असतात, ग्रेन तसा आखीव नसतो. शंका असेल तर कपाची कड बघा, ती खोटं बोलत नाही.

---

खाडीकाठ:

सराव स्ट्रोक होलकडे बघत घ्या, हे एवढं एक आजपासून बदला. कॅरम खेळताना आपली नजर सोंगटीवर आणि पॉकेटवर असते, स्ट्रायकरला जोर किती द्यायचा ते बोट आपोआप ठरवतं, तसंच. बॉलच्या बाजूला उभं राहून होलकडे बघत दोन-तीन मोकळे स्ट्रोक, मग बॉलकडे येऊन लगेच मारायचा, फार वेळ थांबलं की तो अंदाज विरून जातो. अमेरिकन प्रो जॉर्डन स्पीथ तर जवळचे काही पट चक्क होलकडे बघतच मारायचा.

आणि लांबच्या पटला होल हे लक्ष्य ठेवूच नका. होलभोवती ३ फुटांचं वर्तुळ डोळ्यांसमोर आणा आणि बॉल त्यात थांबवायचा. प्रो लोकांचीही ३३ फुटांवरून सरासरी २ पटांच्या आसपास असते, तिथून दोनात संपलं म्हणजे तुम्ही उत्तम खेळलात. जवळच्या पटचं वेगळं, तिथे पटिंग शिकवणारे डेव्ह पेल्झ यांचं सांगणं असं की चुकलेला बॉल होलपुढे १७ इंचांवर थांबेल एवढा स्पीड हवा, म्हणजे कपाजवळच्या खडबडीत भागात तो वाकडा जात नाही.

कोर्सवर पोचलात की आधी प्रॅक्टिस ग्रीनवर पाव तास द्या, होलकडे नको, ग्रीनच्या कडेकडे पट मारा. छोटा, मधला, मोठा असे तीन बॅकस्ट्रोक आणि प्रत्येकाला बॉल किती पावलं गेला ते मोजायचं. त्या दिवसाचा स्पीड तिथेच कळतो.

---

पोफळीची बाग:

पावसात जाणार आहात म्हणून एक नियमाचं. लाइनवर पाणी साचलेलं असेल आणि तुमचा बॉल ग्रीनवर असेल तर तुम्हाला फ्री रिलीफ (पेनल्टीशिवाय बॉल हलवायची मुभा) मिळतो, होलच्या जवळ न जाता, पाणी मधे येणार नाही अशा सगळ्यात जवळच्या जागी बॉल ठेवायचा. पण लाइनवरचं दव किंवा पाणी हाताने, टॉवेलने पुसायचं नाही, त्याला पेनल्टी आहे. वाळू, सुटी माती आणि पानं मात्र बाजूला करता येतात, आणि २०१९ पासून बुटांचे वणही दाबून सारखे करता येतात.

---

धागाकर्ता:

हे पाण्याचं माहीत नव्हतं, मी तसाच डबक्यातून मारत होतो. रविवारी उघडीप असेल तर जातोय, एल अँगल आणि ठोकळा गाडीत टाकून. मॅट आणि ग्रीनचे आकडे इथेच टाकतो, मग जाजमावर किती जोर धरायचा ते सांगा.