चार्ल्स स्टर्टने वाळवंटात होडी का नेली?

मुशाफिर:
ऑस्ट्रेलियातील शोधमोहिमांविषयी वाचताना मी कॅप्टन चार्ल्स स्टर्टपाशी अडकलो आहे. ऑगस्ट १८४४ मध्ये त्याने ॲडलेड सोडले, तेव्हा त्याच्याबरोबर पंधरा माणसे, सहा बैलगाड्या, दोनशे मेंढ्या आणि चक्क एक होडी होती. आणि जायचे होते खंडाच्या मध्यभागी, जिथे पुढे त्याला दगडगोट्यांचे आणि वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट लागले. लष्करात वीस वर्षे काढलेल्या अनुभवी माणसाने असे करावे, हा निव्वळ हट्ट होता की त्यामागे काही तर्क होता? शिवाय त्याचा उल्लेख निसर्ग-अभ्यासक म्हणूनही होतो. तो खरोखर अभ्यासक होता, की वाटेत दिसलेले पक्षी टिपून ठेवणारा हौशी अधिकारी? जाणकारांनी कृपया सांगावे.

माळटिटवी:
तर्क होता, आणि गंमत म्हणजे तो तर्क लष्करी अधिकाऱ्याचा नसून पक्षीनिरीक्षकाचा होता.

स्टर्टचा जन्म १७९५ मध्ये आपल्याकडच्या चुनारचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत न्यायाधीश होते. लहानपणीच त्याला इंग्लंडला पाठवण्यात आले आणि १८१३ मध्ये तो पायदळाच्या ३९ व्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. १८२७ मध्ये त्याच रेजिमेंटबरोबर तो सिडनीला आला. पूर्वेकडच्या डोंगरांतून निघणाऱ्या नद्या समुद्राकडे न वळता खंडाच्या आत वाहत जातात, हे तेव्हाचे सर्वांत मोठे कोडे होते. मक्वारी नदी लव्हाळ्यांच्या दलदलीत नाहीशी होते आणि तिच्या पलीकडे डार्लिंग ही मोठी नदी आहे, हे त्याने १८२८-२९ च्या मोहिमेत पाहिले. पुढच्या मोहिमेत त्याने सुटे भाग करून आणलेली होडी मरम्बिजी नदीवर जोडली, मरे नदीतून फेब्रुवारी १८३० मध्ये थेट अलेक्झांड्रिना सरोवर गाठले आणि प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत तो परत आला. त्यामुळे होडी नेणे त्याला विचित्र वाटण्याचे कारणच नव्हते.

आता पक्ष्यांकडे येऊ. ॲडलेडच्या परिसरात राहत असताना त्याने पाहिले, की कित्येक जातींचे पक्षी, त्यांत आपल्याकडे पिंजऱ्यात पाळले जाणारे बजरीगरही आले, ठरावीक काळाने उत्तरेकडे निघून जातात. डार्लिंगच्या काठी मात्र त्याने तसेच पक्षी वायव्येच्या रोखाने जाताना पाहिले होते. या दोन दिशा नकाशावर पुढे वाढवल्या, तर त्या मकरवृत्ताच्या थोड्या पलीकडे एकत्र येतात. सुपीक खोऱ्यांत रमणारे पक्षी मुद्दाम ओसाड रानात जाणार नाहीत, तेव्हा रेषा मिळतात त्या भागात भरपूर पाण्याचा प्रदेश असला पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. आपला निष्कर्ष केवळ ऐकीव गोष्टींवर न ठेवता निरीक्षणांच्या छेदबिंदूवर ठेवणारा माणूस हौशी म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे.

मुशाफिर:
आभारी आहे. पण मग अनुमान चुकले कुठे? आणि त्या चुकीची किंमत कोणी मोजली?

कोरडा_ओढा:
किंमतीबद्दल मी लिहितो. जानेवारी १८४५ च्या अखेरीस ही तुकडी न्यू साउथ वेल्समधील आजच्या मिल्परिंका गावाजवळच्या एका खडकाळ घळीत पोहोचली. तिथे पाणी टिकून होते, परंतु मागचे आणि पुढचे पाणवठे आटल्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत तिथून हलणेच अशक्य झाले. उन्हापासून बचाव म्हणून माणसांनी जमिनीखाली खोली खणली. हवा इतकी कोरडी होती, की पेन्सिलींतील शिसे गळून पडे, पेट्यांचे स्क्रू सुटत, शाई लेखणीवरच वाळून जाई आणि माणसांचे केस व मेंढ्यांची लोकर वाढायची थांबली, असे स्टर्टने लिहून ठेवले आहे. त्यात स्टर्ट, त्याचा दुय्यम अधिकारी जेम्स पूल आणि डॉक्टर ब्राउन या तिघांनाही स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठले. पाऊस आला, पूलला परत पाठवण्याची व्यवस्था झाली, आणि वाटेला लागल्यावर दोनच दिवसांत, १६ जुलै रोजी, तो वारला. त्याला परत तळावर आणून पुरण्यात आले.

तापमानाच्या आकड्यांबाबत मात्र जरा सावध असावे. नोव्हेंबरमध्ये सावलीत ठेवलेला, १२७ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या खुणा असलेला थर्मामीटर पारा चढून फुटला, ही त्याची नोंद प्रसिद्ध आहे. १२७ अंश म्हणजे सुमारे ५३ अंश सेल्सिअस, आणि प्रमाणित उपकरणांनी ऑस्ट्रेलियात नोंदवलेला उच्चांक ५०.७ आहे. तापलेल्या झाडाच्या बेचक्यात ठेवलेल्या उपकरणाची तुलना आजच्या वेधशाळेशी करणे योग्य नाही. स्टर्ट खोटे लिहीत होता, असा मात्र याचा अर्थ होत नाही.

रानजाई:
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. स्टर्टच्या नावाची लालभडक फुले असलेली वेल आज दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपुष्प आहे, पण तिचे नमुने विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९९ मध्येच गोळा केले होते. स्टर्टच्याच नावाचे दुसरे फूल, ‘डेझर्ट रोझ’, गुलाबाचे नसून कापसाच्या कुळातले आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याचे पान-फूल पाहून नाते लगेच कळेल. स्टर्टचे श्रेय मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. अन्न-पाण्याची इतकी ओढाताण असतानाही त्याने वनस्पतींचे नमुने जपून आणले आणि ते रॉबर्ट ब्राउनसारख्या पहिल्या दर्जाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती दिले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘रिकामा’ मानलेल्या त्या प्रदेशात माणसे राहत होती. कूपर क्रीक या ओढ्याच्या परिसरात शेकडो मूलनिवासींचा तळ भेटला. त्यांनी या थकलेल्या लोकांना पाणी आणि भाजलेली बदके दिली, आणि एका माणसाने तर पाण्याचे लाकडी पात्र छातीशी धरून घोड्याला पाणी पाजले. पाणी कुठे आणि केव्हा असते, याचे उत्तर त्या लोकांपाशी होते. स्टर्ट त्यांच्याशी त्या काळाच्या मानाने सौजन्याने वागला, पण प्रश्न मात्र त्याने होकायंत्रालाच विचारला.

माळटिटवी:
रानजाईताईंचा शेवटचा मुद्दा मान्य, आणि मुशाफिर यांच्या ‘चुकले कुठे’ या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. स्टर्टने पक्ष्यांची दिशा बरोबर पाहिली. त्या दिशेला एक कायमचे ठिकाण असेल, हे मात्र त्याने गृहीत धरले. मध्य ऑस्ट्रेलियात पाणी जागेवर नसते, ते काळावर असते. दूर ईशान्येला पाऊस पडला, की कूपर क्रीकसारखे प्रवाह अनेक आठवड्यांनी आयर सरोवराकडे पोहोचतात, आणि एरवी मिठाचा पांढरा थर असलेल्या त्या खोलगट भागात पेलिकनसारखे पाणपक्षी हजारोंनी वीण घालतात. १९७४ साली ते सरोवर काठोकाठ भरले होते. बजरीगरही असेच पावसामागे, गवताच्या बियांमागे भटकतात. म्हणजे पक्ष्यांनी स्टर्टला फसवले नव्हते. तो दुष्काळात गेला एवढेच. परतताना त्याने ती होडी त्याच घळीतल्या ओढ्यात सोडून दिली, परतीच्या वाटेवर बराच काळ तो स्वतः गाडीवर पडून होता, आणि जानेवारी १८४६ मध्ये तो ॲडलेडला पोहोचला.

पुढे वाचायचे असल्यास त्याने १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य ऑस्ट्रेलियाच्या वृत्तांताचा दुसरा खंड घ्यावा. पक्ष्यांची यादी आणि रॉबर्ट ब्राउनची वनस्पतींवरील टिपणे शेवटी परिशिष्टांत आहेत, आणि अभ्यासक की हौशी, हे मुशाफिर यांना त्या पानांवरूनच ठरवता येईल.