दुधाचे दात पडणारच, पण तोवर?

'दुधाचे दात पडणारच, त्यांच्यावर खर्च कशाला?' असं एकांनी विचारलंय. पडणार हे खरं, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी दाढ किडली तर पुढची सात-आठ वर्षं काढायची कशी?

एवढंसं पोर 'दाढ दुखतेय' असं सांगत नाही. ते एकाच बाजूने चावतं, घास गालात धरून बसतं, पोळी ढकलून मऊ वरणभातच मागतं, रात्री रडत उठतं. आपण म्हणतो, नखरे! म्हणूनच दाता-तोंडाच्या त्रासाचा मुलावर आणि घरच्यांवर किती परिणाम होतो हे मोजणारी, या वयासाठीची 'इकोहिस' प्रश्नावली पालकांना विचारतात. तिच्या 13 प्रश्नांपैकी 4 चक्क घरच्यांबद्दल आहेत: मनस्ताप, अपराधी वाटणं, कामावरून घ्यावी लागलेली सुट्टी आणि खर्च.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र बंदच करा. झोपेत लाळ कमी होते आणि वरचे पुढचे दात आधी किडतात; खालचे जिभेच्या आडोशाने बरेचदा वाचतात. पहिला दात दिसला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. मधात बुडवलेली चोखणी आजीने कितीही प्रेमाने दिली तरी नको.