सिल्कीच्या पिल्लांचा रंग कसा ओळखावा?

प्रश्न
नमस्कार. आमच्या खुडूक कोंबडीखाली सिल्कीची (रेशमी पिसांची, काळ्या त्वचेची कोंबड्यांची जात) विकत आणलेली अकरा अंडी ठेवली होती; त्यांतून निघालेली आठ पिल्ले आज पंधरा दिवसांची आहेत. चौघांची लव पिवळी आहे, दोन राखाडी आहेत, एक काळे असून त्याचे पोट पांढुरके आहे आणि आठव्याच्या पाठीवर खारीसारखे पट्टे आहेत. सात जणांचे पाय काळपट निळे आहेत, परंतु एका पिवळ्या पिल्लाचे पाय गुलाबी असून त्याच्या पंखाखालची त्वचाही गोरी आहे. अंडी देणाऱ्यांच्या मते ती पुढे काळी पडेल. हे खरे आहे का?

उत्तर १
आधी पिसांविषयी लिहितो. पिवळी लव पांढऱ्या सिल्कीची असते, बफची (म्हणजे फिकट सोनेरी रंगाच्या सिल्कीची) असते. बफची छटा सोनेरीकडे झुकते. काळ्या पिल्लाच्या पोटावरचा पांढुरका भाग मोठेपणी राहत नाही. पट्टेवाले पिल्लू पार्ट्रिज, म्हणजे तित्तिरासारख्या तपकिरी नक्षीचे असावे. राखाडी पिल्ले निळ्या रंगाची असावीत; कोंबड्यांत पाटीसारख्या राखाडी रंगालाच निळा म्हणतात. निळा नर आणि निळी मादी यांची जोडी असेल तर सरासरी 25 टक्के काळी, 50 टक्के निळी आणि 25 टक्के स्प्लॅश (फिकट अंगावर गडद शिंतोडे असलेली) पिल्ले मिळतात. पक्का रंग मात्र लव झडून मोठी पिसे आल्यावरच ठरवावा.

उत्तर २
ताई, त्वचेची गोष्ट वेगळी आहे. सिल्कीचे काळेपण अंड्यातच ठरते, कारण रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भावस्थेतच त्वचेखाली, स्नायूंत आणि हाडांच्या आवरणात पसरतात. आपल्या ओळखीच्या कडकनाथातही हाच जनुकीय बदल आहे. पंधराव्या दिवशी गोरी असलेली त्वचा पुढे कडकनाथासारखी काळी होईल, अशी आशा धरू नये.

हे काळेपण दाबून ठेवणारे एक जनुक लिंग-गुणसूत्रावर असते. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशिकी-शास्त्रज्ञांनी 1911 साली सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न या उजळ त्वचेच्या जातीच्या संकरातून त्याचा माग काढला: सिल्की नर आणि लेगहॉर्न मादी घेतल्यास मादी पिल्ले गडद निघतात, नर पिल्ले मात्र उजळ. आपल्याकडील पिल्लाचा बाप उजळ पायांचा दुसऱ्या जातीचा कोंबडा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सिल्कीच्या पायाला चाराऐवजी पाच बोटे असतात, पण पाचवे बोट पाहून निश्चिंत होऊ नका, कारण ते संकरातही उतरते. रेशमी पिसांचे तसे नाही. तो गुण आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून पंखाचे एक पीस उजेडात धरून त्याचे तंतू बोटाने विस्कटा आणि पुन्हा मिटवून पाहा. साध्या पिसाचे तंतू एकमेकांत अडकून पाते पुन्हा अखंड होते. सिल्कीचे मोकळेच राहतात.

उत्तर ३
एक पुरवणी. पेंट रंगाच्या, म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या सिल्कीत प्रभावी पांढऱ्या जनुकामुळे त्वचा फिकी पडते किंवा तिच्यावर गुलाबी चट्टे राहतात. त्यामुळे पिसे रेशमी निघाली, तर अंडी देणाऱ्यांकडे पेंट पक्षी आहेत का, हे विचारल्याशिवाय पिल्लाला संकरित ठरवू नये.

प्रश्नकर्ती
आज सकाळी आठही पिल्लांचे पंख उलगडून पाहिले. सातांची पिसे जुन्या झाडूसारखी विरलेली आहेत. गोऱ्या पिल्लाचे पाते मात्र विस्कटल्यावर पुन्हा गुळगुळीत मिटले. ते पिल्लू आमच्याकडेच राहील, परंतु त्याला सिल्की म्हणून पुढील पैदाशीत घेणार नाही. उरलेल्या तीन पिवळ्यांचा रंग मोठी पिसे आल्यावर येथे कळवीन.