सोलारचा डीसी एमसीबी रोज दुपारी पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येळ्ळूरला शेतातल्या घरावर ५४० वॅटचे ६ पॅनल आहेत, सगळे एकाच सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले), गच्चीवर पत्र्याच्या डब्यात १६ अँपिअरचा डीसी एमसीबी (पॅनलच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटचा, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि तिथून वायर खाली इन्व्हर्टरला. पावसाळा गेला, थंडी गेली, काय तक्रार नव्हती, आता मार्चपासून रोज साडेबारा-एकला एमसीबी पडतोय, लगेच वर केला तर राहत नाही, अर्धा तास थांबून केला की राहतो. पॅनल पुसले, उंदरानं वायर खाल्लीय काय तेपण बघितलं. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला तर शून्य दाखवालाय, करंटच नाही म्हणावं तर इन्व्हर्टरवर अडीच किलोवॅट दिसतंय! वायरमन म्हणतो घरातला जुना ३२ चा पडून आहे तो घालूया. घालू काय ओ?

जुना वायरमन: अजिबात नको दादा. घरातला एसीचा म्हणजे घरच्या लाइटीच्या उलटसुलट वाहणाऱ्या करंटचा आहे, एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतोय म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते, ३०० व्होल्टला डबा पेटेल. तुमचा मीटर पण एसीचाच असणार, डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा. आणि एक बघा, एकच सिरीज आहे म्हणजे करंट एकाच पॅनलएवढा, शॉर्ट केले तरी साधारण १४ अँपिअरच, मग १६ चा पडतोय तो उष्णतेनं. एकतर डबा उन्हात तापतोय नाहीतर स्क्रू ढिला आहे. शिवाय एमसीबी त्या १४ च्या निदान सव्वापट पाहिजे, म्हणजे साडेसतरा, तुमचा १६ चा मुळातच कमी घातलाय. स्क्रू बघायचे ते दिवस बुडाल्यावरच, इन्व्हर्टर बंद करून एमसीबी खाली ओढला तरी दिवसा पॅनलकडची बाजू जिवंत असते.

परत मीच: काल रात्री बघितलं. पॉझिटिव्हचा स्क्रू पाऊण आटा फिरला की ओ, वायरीचं प्लॅस्टिक काळं पडलंय. जळलेला तुकडा कापून आज खडेबाजारातून २० चा डीसीवाला आणला, डबा जिन्याखाली सावलीत घेणार. पण ह्याच्यावर प्लस-मायनस छापलंय, जुन्यावर पण होतं आणि तिथं वायरी उलट्या होत्या. त्यानं काय फरक पडतोय काय?

जुना वायरमन: पडतो म्हणजे! उलटा जोडला तर ठिणगी विझवायच्या खणाकडे न जाता भलतीकडे ढकलली जाते. एमसीबीवर नाहीतर त्याच्यासोबतच्या कागदावर आकृती असते, तशीच जोडा. आणि त्या वायरमनला परत गच्चीवर चढवू नका.